इशारा पातळी ओलांडलेल्या पेशंटकडून चार तारे

मुलगा म्हणाला, "आई, पाच तारे दे, खाली 'छान सेवा' लिही, विषय संपला." पण मी चारच देणार आहे आणि सविस्तर लिहिणार आहे. ज्या दवाखान्यात मी एका वर्षात ४१ वेळा गेले, त्याला दोन शब्दांत वाटेला लावणं मला जमायचं नाही.

नाव लिहीत नाही, कारण डॉक्टरांनीच हात जोडले. "वैनी, काय लिहायचं ते लिहा, नाव तेवढं घालू नका. आत्ताच बाकड्यावर जागा नाही." कोल्हापुरात, महाद्वार रोडपासून चालत दहा मिनिटांच्या आत, एवढं सांगते. पेठेतल्यांना कळेलच.

दवाखाना म्हणजे जुन्या घराचा पुढचा सोपा. दोन लाकडी बाकडी, वर एक पंखा, जो फिरतो कमी आणि कुरकुरतो जास्त. प्लायवूडचं पार्टिशन, पलीकडं डॉक्टर, अलीकडं कंपाउंडर मामा. फोनवर नंबर लागत नाही. सकाळी साडेनऊला जाऊन वहीत नाव घालून यायचं. पाटीवर वेळ दहाची आहे, डॉक्टर येतात साडेदहाला. फी २०० रुपये. बाथरूम आहे, पण किल्ली मामांकडं, आणि मामा चहाला गेलेले असतात. हे सगळं आधीच सांगून ठेवलं, म्हणजे चकाचक काचेचा दवाखाना समजून कुणी जाऊ नये.

आता माझ्याबद्दल. शुक्रवार पेठेत आमचा चटणीचा डंका आहे, म्हणजे मिरची-मसाला कुटून द्यायची गिरणी. मार्च ते मे गल्लीत उभं राहता येत नाही एवढी गर्दी असते. बायका ब्याडगी, संकेश्वरी मिरची भाजून आणतात, वर खोबरं, तीळ, धणे, कांदा-लसूण. सगळ्या गल्लीला ठसका लागतो, मला लागत नाही. वीस वर्षं त्या धुरळ्यात काढली, श्वासाची तक्रार कधी नव्हती.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी आलं. कोल्हापूरकरांना ते वेगळं सांगायला नको. पंचगंगेची पातळी जिथं मोजतात त्या राजाराम बंधाऱ्यावर पंचावन्न फुटांच्या वर गेलं होतं, हायवे बंद, पेट्रोल नाही, दूध नाही, रस्त्यावर बोटी. आमच्या घरात कमरेच्या वर पाणी होतं. डंक्याची मोटर गेली आणि साठवणीची मिरचीची सात पोती गेली. पाणी ओसरल्यावर परत आलो, तर भिंतीवर पाण्याची रेघ होती. सगळ्यांच्या घरात ती मातीची असते, आमच्यात लाल होती. कुजलेल्या मिरचीचा तो वास दोन वेळा रंग देऊनही महिनाभर गेला नाही. २०२१ च्या जुलैत परत तेच. त्या वेळी पोती आधीच माळ्यावर चढवली होती, नुकसान कमी झालं. सगळे म्हणाले, या खेपेला सुटलासा. मलाही तसंच वाटलं.

त्यानंतरच्या वर्षी छातीत धडधड सुरू झाली.

बसल्या जागी व्हायची. घशात गोळा आल्यासारखं, हातापायाला मुंग्या, पोटात गॅस धरून वर चढतोय असं वाटायचं. झोप तीनला मोडायची ती मोडायचीच. मला वाटलं, हार्ट. ह्यांना वाटलं, ॲसिडिटी. सासूबाईंना वाटलं, नजर. त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, ज्योतिबाला नारळ बोलल्या. ईसीजी झाला, टू-डी इको झाला, पट्ट्यावर पळवून झालं, तोंडातून नळी घालून पोट बघून झालं. एका मोठ्या हॉस्पिटलात रात्रभर ठेवून घेतलं आणि सकाळी साडेअठरा हजारांचं बिल हातात देऊन सांगितलं, "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका." तिथला पोरगेला डॉक्टर माझ्याकडं न बघता ह्यांना म्हणाला, "यांना काहीही झालेलं नाही."

गाडीवरून येताना हे काही बोलले नाहीत. बिंदू चौकात गाडी थांबली तेव्हा नुसतं "मग आता?" म्हणाले. त्या दोन शब्दांत वैताग होता की काळजी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

'काहीही झालेलं नाही' हे ऐकून हायसं वाटायला पाहिजे. एक दिवस वाटायचं. दुसऱ्या दिवशी परत छाती कानात वाजायला लागली की मनात यायचं, रिपोर्ट खरा असेल तर मी खोटी. आणि मी खोटी नाही, म्हणजे रिपोर्टात काहीतरी सुटलंय. मग परत दवाखाना. आमच्या गल्लीत तर माझं नावच पडलं होतं. रविवारी दवाखाना बंद असतो म्हणून बाई रविवारी बरी असते, असं एक जण माझ्यादेखत बोलला.

या डॉक्टरांकडं मी जायचे ते ठरलेल्या मागणीनं: ताकदीचं सलाईन लावा, नाहीतर एक सुई द्या. त्यांनी एकदा सलाईन लावलं. पुढच्या वेळी म्हणाले, "वैनी, मीठ-पाण्याचे पैसे घ्यायला मला लाज वाटती. घरी लिंबू सरबत करून प्या." मी रागावले. चार दिवसांनी परत गेले.

२०२३ ची दिवाळी झाल्यावरची गोष्ट. त्यांच्याकडं कॉम्प्युटर नाही, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जाड कागदाची कार्डं असतात. शेवटचा नंबर माझा होता. त्यांनी माझी तीन कार्डं टेबलावर ओळीनं मांडली, पत्त्यांसारखी. तारखांसमोर लाल पेनानं बारीक टिकल्या केलेल्या होत्या.

"गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत किती वेळा आलासा?"

"पंधरा-सोळा."

"एकेचाळीस. बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा अन् ४३ ला धोका. तुम्ही इशारा पातळी ओलांडलीया. धोक्याच्या आत थांबवूया का?"

मी खो खो हसले. मग हसता हसता रडायला कधी लागले ते कळलं नाही. डॉक्टर काही बोलले नाहीत, टोपण लावून पेन खिशात ठेवलं आणि बसून राहिले. त्या दिवशी कळलं की या माणसाला घाई नाही.

नंतर त्यांनी महिने दाखवले. जूनमध्ये ५, जुलैत ९, ऑगस्टमध्ये ८. आणि मार्च, एप्रिल, मे मिळून किती? दोन. "ॲसिडिटी तिखटानं होत असती तर सीझनला दवाखान्यातच मुक्काम केला असता. तुमचं तर उलटं आहे. चटणीत बरं असतंय, पावसात बिघडतंय." दीड-पावणेदोन वर्षं मी एवढे डॉक्टर फिरले, एवढी मशिनं अंगाला लागली, पण पावसाळा कुणाला दिसला नव्हता. मलाही नाही.

मी विचारलं, "म्हणजे माझ्या डोक्यावर परिणाम झालाय?" ते म्हणाले, "छातीवर झालाय. तुमची धडधड खरी आहे, मी नाडी मोजलीया. फक्त ती हार्टच्या बिघाडानं होत नाही." ही दोन वाक्यं कुणी आधी सांगितली असती तर माझे किती हजार वाचले असते! थायरॉईड आणि रक्तातलं हिमोग्लोबिन मात्र त्यांनी एकदा तपासायला लावलं, कारण धडधड त्यांनीही होते. ते नीट आलं.

मग त्यांनी एक गंमत केली. गंमत कसली, मला घाम फुटला. म्हणाले, "एक मिनिट जोरजोरात श्वास घ्या, भात्यासारखा." ते घड्याळ धरून समोर. अर्ध्या मिनिटात ओठ बधिर, बोटांना मुंग्या, डोकं हलकं. सगळं तेच! घरी रात्री व्हायचं तसंच्या तसं, इथं दिवसाढवळ्या खुर्चीत. "मी मरतो की काय," असं तोंडातून गेलं. ते म्हणाले, "मरत नाही कोण. आता हळू सोडा." समजावलं असं की, भीतीनं श्वास वाढतो, वाढलेल्या श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि त्यानं मुंग्या येतात, चक्कर येते. मुंग्या आल्या की माणूस आणखी भितो, आणखी श्वास घेतो. दोन मिनिटांत सगळं ओसरलं. माझ्या डोळ्यांदेखत चढलं आणि उतरलं. कुणी हे घरी स्वतःच्या मनानं करून बघू नका; माझं हार्ट आधी तपासून झालेलं होतं.

त्यानंतर दोन कागद दिले, मराठीतले. एकात सात प्रश्न, काळजीचे. दुसऱ्यात नऊ, उदासीचे. गेल्या दोन आठवड्यांत असं किती दिवस वाटलं, याला शून्य ते तीन मार्क. काळजीत २१ पैकी १६ पडले. शाळेत गणितात एवढे कधी पडले नव्हते. १५ किंवा त्याच्या पुढं म्हणजे जास्तच, असं ते म्हणाले. उदासीत २७ पैकी ८, म्हणजे थोडी.

इथंच माझा एक तारा गेला. त्या नऊ प्रश्नांतला शेवटचा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचाराबद्दल आहे. डॉक्टरांनी तो न अडखळता, सरळ विचारला, हे त्यांचं चांगलं. माझं उत्तर 'नाही' होतं. पण उत्तर देताना मला पार्टिशनपलीकडं मामांचा खोकला ऐकू येत होता, म्हणजे मामांना मी ऐकू येत होते. ज्या बाईचं उत्तर 'हो' आहे, तिनं त्या प्लायवूडच्या समोर काय करावं? मी हे डॉक्टरांना तोंडावर सांगितलंय. तेव्हापासून आमच्यासारख्यांना ते दुपारी एकनंतर बोलावतात आणि मामांना जेवायला पाठवतात. पार्टिशन मात्र तेच आहे. भिंत बांधा डॉक्टर, तारा परत देते.

"अशी मी एकटीच का?" असंही विचारलं होतं. म्हणाले, प्रत्येक दवाखान्यात असतात. थोडे पेशंट आणि निम्मी गर्दी त्यांचीच. अशा सारखं येणाऱ्या पेशंटवर जगभर अभ्यास झालाय, आणि त्यांच्यात काळजी, उदासी इतरांपेक्षा जास्त सापडते. आपल्याकडं बेंगळुरूच्या निम्हान्स या मनाच्या आजारांवरच्या सरकारी संस्थेनं २०१५-१६ ला १२ राज्यांत पाहणी केली, तर दहा मोठ्या माणसांत साधारण एकाला मनाचा काही ना काही त्रास निघाला, तंबाखू सोडून बाकी व्यसनं धरून. मुलानं नंतर शोधून सांगितलं, त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. म्हणजे सरकारनं मला मोजलेलंच नाही. मोजलं ते बिस्किटाच्या डब्यानं.

आता उपाय काय केला ते. माझ्या दृष्टीनं या दवाखान्याची खरी खासियत हीच. त्यांनी मला 'येऊ नका' म्हटलं नाही, उलट 'या'च म्हणाले. दर दुसऱ्या गुरुवारी, दुपारी एकला, त्रास असो वा नसो. मधे मात्र यायचं नाही. आधी मला कळेना, बरं वाटत असताना दवाखान्यात जाऊन करायचं काय? मग हळूहळू लक्षात आलं. पूर्वी डॉक्टरांना भेटायचं तर छाती धडधडायलाच लागायची. आता धडधडली तरी गुरुवार, नाही धडधडली तरी गुरुवार. मंगळवारी रात्री त्रास झाला की मी स्वतःला सांगायचे, परवा विचारू. आणि गुरुवारी विचारायचंच विसरायचे.

कधी थांबायचं नाही, तेही त्यांनी कार्डाच्या मागं लिहून दिलं. चालताना छातीत दाब आला, कळ जबड्याकडं किंवा हाताकडं गेली, गार घाम सुटला, शुद्ध हरपली, तर गुरुवार बघायचा नाही, थेट हॉस्पिटल. ते कार्ड फ्रिजवर चिकटवलंय.

प्रत्येक वेळी ते बीपी बघतात, छातीला नळी लावतात. यात त्यांची दोन मिनिटं जातात, पण मला त्यानं फार फरक पडतो. अंगाला हात न लावता 'मनाचं आहे' म्हणणाऱ्यावर माझा विश्वास बसला नसता. उरलेला वेळ माझा. डंक्याचं, सासूबाईंचं, मुलगा पुण्याहून फोन करत नाही त्याचं. एकदा पंधरा मिनिटं मी फक्त त्या लाल रेघेबद्दल बोलले. कुणाशीच बोलले नव्हते कधी. ह्यांनाही तो विषय नको असतो, त्यांची पण सात पोतीच गेली होती ना.

गोळीही सुरू केली, काळजी-उदासीवरची, एस्सिटालोप्राम, आधी पाच मिलिग्रॅम, मग दहा. इथं माझी दुसरी तक्रार. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, हे सांगितलं. पहिल्या काही दिवसांत मळमळ आणि अस्वस्थपणा वाढू शकतो, हे सांगायचं राहिलं. चौथ्या दिवशी मी गोळी बंद करायच्या बेतात होते. फोनवर मामा म्हणाले, "व्हतंय तसं, आठवड्यात बसतंय." खरंच बसलं. पण हे मामांच्या तोंडून कळायला नको होतं.

एका मेडिकलवाल्यानं मला चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी चालू करून दिली होती, वर्षभर अर्धी-अर्धी घेत होते. ते ऐकून मात्र डॉक्टर चिडले. माझ्यावर नाही, त्याच्यावर. एकदम बंद केली तर आणखी बिघडतं म्हणून अर्ध्याची पाव, पावाची एक दिवसाआड, असं करत अडीच महिन्यांत सोडवली.

काउन्सेलर मॅडमकडंही पाठवलं. परवडत नसेल तर सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी हॉस्पिटलात, मानसोपचार विभाग आहे, तिथं जावा, असंही म्हणाले. जाताना मी तोंडाला स्कार्फ बांधून गेले. वेड्यांच्या डॉक्टरकडं निघालीस का, असं कुणी विचारलं तर दुकानासाठी मसाला बघायला निघाले, असं उत्तर तयार ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही. मॅडमनी पहिलं काम दिलं ते मोबाईलचं. पावसाळ्यात मी पाण्याची पातळी दर तासाला बघायचे, सहा ग्रुपवर. एक इंच वाढलं की पोटात खड्डा. ते दिवसातून दोनदाच बघायचं ठरलं, सकाळी सात आणि संध्याकाळी सात. दुसरं काम म्हणजे पंचगंगा घाटावर जाऊन नुसतं बसायचं. आमच्या घरापासून नदी ती केवढी लांब! पण २०२१ पासून मी तिकडं फिरकले नव्हते. पहिल्यांदा दहा मिनिटंसुद्धा बसवलं नाही. पाचव्या खेपेला भेळ घेऊन बसले.

रात्रीसाठी डॉक्टरांनी चिठ्ठीच्या मागं १४४१६ लिहून दिलं होतं. टेलिमानस, मनाच्या त्रासासाठी सरकारचा फोन नंबर, २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात. एका रात्री अडीचला लावला. पलीकडं एक पोरगी होती, आवाजावरून माझ्या भाचीएवढी. तिनं उपदेश केला नाही, माझ्याबरोबर श्वास मोजत बसली.

२०२४ चा जुलै. पाणी चढायला लागलं. सोमवारी आम्ही पोती माळ्यावर टाकली, मोटर खोलून वर घेतली, सासूबाईंना उचगावला नणंदेकडं सोडलं. सकाळी सात, संध्याकाळी सात. त्या आठवड्यात पातळी ४३ च्या वर गेली. गुरुवार होता २५ तारखेला. मी छत्री घेऊन चालत गेले, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. दवाखान्यात मामा आणि मी, दोघंच.

"धडधडतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"धडधडतंय की. पाणी ४३ च्या वर आहे. तुमचं धडधडत नाही?"

त्यांनी कार्डावर काहीतरी लिहिलं आणि बीपी बघितलं. बारा मिनिटांत मी बाहेर. त्या सबंध जुलैत मी दोनदाच गेले, दोन्ही ठरलेल्या गुरुवारी. आदल्या जुलैत नऊ.

त्या दिवाळीला परत मोजलं, आता मीच मोजलं. एकोणीस. त्यातले सतरा ठरलेले, एक पडसं-खोकला, एक खरोखरचा, विळीनं बोट कापलं म्हणून. टाका घालताना डॉक्टर फार खूश दिसत होते. आता महिन्यातून एकदा बोलावतात. गोळी चालू आहे, कधी बंद करायची ते त्यांनी ठरवायचं, मी विचारत नाही.

फराळाबरोबर त्यांना एक किलो कांदा-लसूण चटणी नेऊन दिली. बरणी उघडून वास घेतला, बरं वाटलं त्यांना, मग झाकण लावून मामांकडं सरकवली. म्हणाले, "वैनी, मला तिखट चालत नाही, ॲसिडिटी आहे."

मी विचारलं, "कधीपास्नं? पावसाळ्यात जास्त होती का?"